निषेधाचा फलक आणि फलकामागचा माणूस

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या व्यासपीठावरून सहसा कर्तृत्वाची उजळणी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु या साठ वर्षांत समाजाच्या वागण्यात काय बदलले, हे पाहण्याचीही हीच जागा आहे. शाळेची पहिली घंटा वाजली त्या काळी एसटीत, चित्रपटगृहात, कचेरीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, फार काय शिक्षकांच्या खोलीतही विडी-सिगारेट पेटलेली दिसे आणि ती कोणाला खटकत नसे. आज यांतील प्रत्येक ठिकाणी तो कायद्याने गुन्हा आहे. हा बदल कायद्याने किती घडवला आणि माणसांनी किती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. त्यासाठी नजर टाकायची आहे ती महाराष्ट्रापासून दूर असलेल्या एका शहराकडे, म्हणजे कोलकात्याकडे.

कोलकात्याची निवड सहज झालेली नाही. इंपीरियल टोबॅको कंपनी १९१० मध्ये याच शहरात स्थापन झाली. पुढे ती इंडिया टोबॅको कंपनी झाली आणि मग आयटीसी. चौरंगीवरील ‘व्हर्जिनिया हाउस’ हे तिचे मुख्यालय आजही उभे आहे, आणि इमारतीच्या नावातच तंबाखूची एक जात आहे. दुसरे कारण बंगाली भाषेत दडले आहे. मराठी माणूस सिगारेट ओढतो. बंगाली माणूस ती ‘खातो’. पाणी, चहा आणि सिगारेट या तिन्हींना बंगालीत एकच क्रियापद आहे. जी गोष्ट खाण्यापिण्याच्या पंक्तीत जाऊन बसली, तिला उठवणे सोपे नसते. तिसरे कारण ‘अड्डा’. चहाच्या मातीच्या भांड्याभोवती तासन्‌तास चालणाऱ्या त्या गप्पांना धुराची साथ जणू गृहीतच धरलेली असे. कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउस म्हटले की उंच छताचे सभागृह, पगडीधारी वाढपी आणि टेबलांवर तरंगणारा निळसर धूर हेच चित्र दोन-तीन पिढ्यांच्या मनात उमटत आले.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातून फेलूदा नावाचा गुप्तहेर बंगाली वाचकांच्या भेटीला आणला. बुद्धिमान, निर्भय, सुसंस्कृत असा हा फेलूदा चारमिनार सिगारेट ओढतो. मुलांसाठी लिहिलेल्या कथेचा नायक सिगारेट ओढतो यात त्या काळी कोणालाही वावगे वाटले नाही. यात राय यांना दोष देण्याचे कारण नाही. तो काळच तसा होता. साठ वर्षांत समाज किती अंतर चालून आला, ते मोजायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

गंमत अशी, की धुराविरुद्ध कायदा करणाऱ्या जगातील सुरुवातीच्या शहरांतही कोलकात्याचे नाव आहे. तो धूर मात्र गिरण्यांच्या धुराड्यांचा होता. १८६३ मध्ये तेथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. तो फारसा परिणामकारक ठरला नाही. १९०५ मध्ये नवा कायदा आला. त्यासोबत स्वतंत्र आयोग नेमला गेला, निरीक्षक आले, धुराचा काळेपणा मोजण्याची पद्धत आली, आणि मग कारखानदारांना भट्ट्यांकडे लक्ष देणे भाग पडले. दोन्ही कायद्यांचा हेतू एकच होता. फरक होता तो कायद्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांचा. पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज या जुन्या हकिगतीत आहे.

आता सिगारेटच्या धुराकडे वळू. भारतात या विषयाचा कायदा कसा घडत गेला, ते पाहणे उद्बोधक आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात धूम्रपानासंबंधी एक कलम आहे. डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करू नये, असा त्याचा मूळ आशय. म्हणजे ओढण्याचा हक्क गृहीत, आणि तो रोखण्याचा भार त्रास होणाऱ्यावर. खोकणाऱ्या म्हाताऱ्याने किंवा तान्हे मूल मांडीवर घेतलेल्या आईने भर डब्यात अनोळखी माणसाला “विझवा” असे म्हणायचे! किती जणांना ते जमले असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या गृहीतकाला विज्ञानाने धक्का दिला. १९८१ मध्ये ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने स्वतः कधी धूम्रपान न केलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती खूप सिगारेटी ओढत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक आढळले. धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही, तो शेजारच्याचेही आयुष्य कमी करतो, हे त्यानंतर अनेक अभ्यासांनी दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्वतः धूम्रपान न करणारी दहा लाखांहून अधिक माणसे दरवर्षी इतरांच्या धुराने मरतात. सार्वजनिक धूम्रपानबंदीचा पाया हा आहे. कोणाच्या व्यसनावर नीतीचे प्रवचन देणे हा तिचा हेतू नाही. दुसऱ्याचा श्वास वाचवणे हा आहे.

१९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभरासाठी आदेश काढला. सभागृहे, रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई झाली. पश्चिम बंगालनेही २००१ मध्ये धूम्रपान व थुंकणे यांना आळा घालणारा आणि धूम्रपान न करणाऱ्यांचे व अल्पवयीनांचे आरोग्य जपणारा राज्य कायदा केला. २००३ मध्ये संसदेने सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा कायदा संमत केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, सुधारित नियम अमलात आले. रेल्वेच्या डब्यात हरकतीवर अवलंबून असलेली गोष्ट आता हरकतीवाचूनच गुन्हा ठरली.

२००८ च्या नियमांतील तपशील मुद्दाम सांगण्यासारखे आहेत, कारण कायद्याचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि आतला मजकूर फार थोड्यांना. सार्वजनिक ठिकाणी प्रत्येक प्रवेशद्वाराशी आणि प्रत्येक मजल्यावर ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा निषेधाचा फलक हवा. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव त्यावर हवे. त्या जागी राखदाणी, काड्यापेटी, लायटर असे काही ठेवता येत नाही. तक्रार येऊनही जागेच्या मालकाने वा व्यवस्थापकाने काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्याच्यावर येतो. तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह, तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल आणि विमानतळ यांना स्वतंत्र, बंदिस्त धूम्रपानकक्षाची मुभा आहे, इतरांना नाही. उपाहारगृहाच्या व्याख्येत ‘कॉफी हाउस’ हा शब्द नावानिशी आहे. पण मोकळा रस्ता आणि पदपथ या बंदीत येत नाहीत. रेल्वे स्थानक, बसथांबा, क्रीडांगण उघडे असले तरी येतात. साधा पदपथ येत नाही.

या नियमांच्या कसोटीवर कोलकाता पाहिले, तर एकाच शहरात तीन निरनिराळी चित्रे दिसतात.

पहिले चित्र भूमिगत रेल्वेचे. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी देशातील पहिली मेट्रो धावली. वर ट्रामगाड्या, हातरिक्षा, फेरीवाले आणि गर्दीचा कल्लोळ. जिना उतरताच दुसरे जग. तेथे पहिल्या दिवसापासून शिस्त होती, आणि पहाऱ्यावर माणसे होती. भुयारात आग म्हणजे काय, याचा विचार आखणीतच होता. रस्त्यावर सिगारेट ओढणारा तोच कोलकातावासी जिना उतरण्यापूर्वी ती विझवू लागला. माणूस तोच, शहर तेच, पायऱ्या मात्र वेगळ्या.

येथे लंडनची आठवण अटळ आहे. तेथील भूमिगत रेल्वेने १९८४ मध्ये गाड्यांत आणि १९८५ मध्ये भुयारी स्थानकांत धूम्रपानाला बंदी केली. परंतु बाहेर पडता पडता सरकत्या जिन्यावर सिगारेट पेटवण्याची प्रवाशांची सवय सुटली नाही आणि तिकडे काणाडोळाही होत राहिला. १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. चौकशीत तिचे कारण पेटती काडी असल्याचे निष्पन्न झाले. ३१ माणसे मृत्युमुखी पडली. बंदी होती, फलक होते. शेवटच्या पायऱ्यांवर मात्र टोकणारे कोणी नव्हते.

दुसरे चित्र कॉफी हाउसचे, आणि त्यासारख्या असंख्य उपाहारगृहांचे. येथे ग्राहक हाच अन्नदाता. वर्षानुवर्षे येणारे प्राध्यापक, कवी, संपादक यांना “साहेब, बाहेर जा” असे वाढप्याने म्हणायचे. कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाउस १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था चालवते. म्हणजे टोकणारा आणि टोकण्याचे आर्थिक परिणाम भोगणारा एकच. अशा जागी नियम राबवणे सर्वांत अवघड, आणि तो राबवला जाण्याची गरजही सर्वांत मोठी. कारण ग्राहक तासाभराने उठून जातो, पण वाढप्याला तोच धूर दिवसभर पुरतो. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी मद्यगृहांसह सर्व कामाच्या जागी धूम्रपानबंदी केली, तेव्हा तिचे मुख्य समर्थन हेच होते: बंदी ग्राहकाच्या सोयीसाठी नाही, तेथे राबणाऱ्या माणसासाठी आहे.

तिसरे चित्र डलहौसी चौकातील कचेऱ्यांबाहेरच्या पदपथाचे. इमारतीच्या आत मनाई झाली, म्हणून धूर बाहेर आला. चहाचे दुकान, शेजारी पानाची टपरी, टपरीच्या खांबाला बांधलेली आणि सावकाश धुमसत राहणारी काथ्याची दोरी. एक सिगारेट सुटी घ्यावी, दोरीवर पेटवावी, चहाचा घोट घ्यावा. कायद्याच्या भाषेत येथे गुन्हा नाही. परंतु त्याच पदपथावरून शाळेतून घरी जाणारी मुलेही चालतात. कायदा जेथे संपतो तेथून पुढे केवळ सौजन्य उरते.

या तीन चित्रांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. जेथे जागेला जबाबदार माणूस आहे, त्याला टोकण्याचा अधिकार आहे आणि टोकल्याने त्याचे पोट मारले जात नाही, तेथे बंदी चालते. जेथे यांतील एकही गोष्ट कमी आहे, तेथे फलक भिंतीवर आणि धूर हवेत. केवळ दंडाने हे साधत नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलेला कमाल दंड दोनशे रुपये. तो वसूल करण्यासाठी पोलीस किती ठिकाणी पुरणार? शहरातील चोऱ्यामाऱ्या, वाहतूक, मिरवणुका सांभाळून तो उपाहारगृहाच्या टेबलाशी कसा उभा राहणार?

बंदीचा अतिरेकही उपयोगी पडत नाही, याचा दाखला बंगालच्याच सीमेवर आहे. भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवरच बंदी घातली. सीमेपलीकडे पश्चिम बंगालमधील जयगावात मात्र माल उघड मिळे, आणि तो चोरट्या वाटेने आत जाई. अखेर भूतानला ती बंदी मागे घ्यावी लागली. लोक मनापासून साथ देतील इतकीच मागणी कायद्याने करावी, आणि जी मागणी केली ती मात्र तंतोतंत पुरी करून घ्यावी, हे शहाणपण त्यातून घ्यायचे.

या प्रश्नाला पोटापाण्याचीही बाजू आहे आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील हजारो स्त्रिया विड्या वळून घर चालवतात. सोलापुरात आणि सिन्नरमध्येही विडी कामगारांच्या पिढ्या याच कामावर वाढल्या. निपाणीच्या परिसरात तंबाखूच्या पिकावर शिक्षण घेतलेली मराठी मुले आज मोठ्या पदांवर आहेत. पण सार्वजनिक ठिकाणची बंदी यांच्या तोंडचा घास काढून घेत नाही. ती एवढेच म्हणते, की ज्याने विकत घेतले नाही त्याच्या छातीत हा माल जाऊ नये.

मग महाराष्ट्राने आणि या शाळेने कोलकात्याकडून काय घ्यायचे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार पश्चिम बंगालमध्ये शंभर प्रौढांमागे सुमारे सतरा जण धूम्रपान करत, तर महाराष्ट्रात जेमतेम चार. हे वाचून समाधानाचा सुस्कारा सोडण्याआधी पुढचा आकडा वाचावा: महाराष्ट्रात शंभरांतील सुमारे चोवीस प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. चुना-तंबाखू, मिश्री, खर्रा यांचा धूर निघत नाही, म्हणून फलकही त्यांना अडवत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील शाळेचे काम कोलकात्यातील शाळेपेक्षा हलके नाही. उलट लपलेल्या शत्रूमुळे थोडे अवघडच आहे.

त्याच सर्वेक्षणात एक आशादायक आकडाही आहे. २००९-१० मध्ये देशातील ५२ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरात दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागे. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास आले. घरात कोणताही कायदा नाही, तेथे पोलीस येत नाही, दोनशे रुपयांची पावती फाडली जात नाही. तरीही धूर कमी झाला. बाहेरच्या बंदीने जी लाज निर्माण केली, ती उंबरठा ओलांडून आत आली असे मानायला जागा आहे.

या लाजेचा विचार अधिक खोलवर व्हायला हवा. वडीलधारे समोर आले की हातातील सिगारेट पाठीमागे लपवण्याची रीत बंगालमध्ये आहे, तशीच ती महाराष्ट्रातही आहे. पन्नाशीचा गृहस्थ ऐंशी वर्षांच्या वडिलांसमोर ओढत नाही. ही आपल्या संस्कृतीतील मर्यादा सुंदर आहे, पण तिची दिशा उलटी आहे. वडिलांच्या डोळ्यांचा मान राखणारा तोच माणूस आठ वर्षांच्या मुलाला पुढ्यात बसवून, मोटारीच्या काचा बंद करून, निःसंकोच सिगारेट पेटवतो. ज्याच्या फुप्फुसांचे फारसे बिघडायचे उरले नाही त्याच्यासमोर संकोच; ज्याची फुप्फुसे अजून वाढत आहेत त्याच्यासमोर मोकळीक! ही मर्यादा वरून खाली वळवता आली, थोरांइतकाच धाकट्यांचा मान राखता आला, तर निम्मी अंमलबजावणी पोलिसांवाचून होईल.

शाळेच्या बाबतीत तर कायद्याने कोणतीही सबब ठेवलेली नाही. २००८ च्या नियमांनुसार आपापल्या संस्थेच्या आवारात दंड करण्याचा अधिकार मुख्याध्यापक व शिक्षक यांना आहे. २००३ च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती कोठेही विकता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद केली आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण शाळकरी मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटीचे असतात. तंबाखूमुक्त शाळेसाठीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत शंभर यार्डांवर पिवळी रेघ आखण्यास सांगितले आहे.

कोलकात्याच्या इतिहासात एक मराठा खंदक आहे. भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या भीतीने १७४२ मध्ये तेथील रहिवाशांनी शहराभोवती तो खणायला घेतला. काम अर्ध्यावर थांबले, खंदक कधीच पुरा झाला नाही, आणि पुढे त्याच्या कडेने सर्क्युलर रोड झाला. शाळेभोवतीच्या शंभर यार्डांच्या रेघेचे असे होऊ नये. अर्धा खणलेला खंदक कोणालाच अडवत नाही.

ही रेघ पुरी करण्याचे काम माजी विद्यार्थी आणि पालक यांचे आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. फलकावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. रिकामे असेल तर भरून घ्यावे. फाटकापासून शंभर यार्ड प्रत्यक्ष चालून पाहावेत. वाटेत टपरी लागली, तर प्रथम पोलिसांना बोलावण्यापूर्वी टपरीवाल्याशी बोलावे. त्याचेही मूल बहुधा याच शाळेत असते, आणि चहा, वही, पेन्सिल विकूनही टपरी चालते, याचा विचार त्याच्यासोबत बसून करता येतो. ऐकले नाही, तर कायदा आहेच. स्नेहसंमेलनाला जमणाऱ्या जुन्या मित्रांनी मैदानाच्या कोपऱ्यात पूर्वीच्या आठवणीखातर सिगारेट पेटवू नये, कारण त्या कोपऱ्यात आता पाचवीतली मुले खेळतात. ज्यांना ही सवय सोडायची आहे, त्यांना कोणी हिणवू नये. सिगारेटच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा मदतीचा निःशुल्क क्रमांक छापलेला असतो.

कोलकात्यातील भुयारी रेल्वेच्या जिन्यावर सिगारेट विझवणारा माणूस दंडाच्या भीतीने तेवढा विझवत नाही; “येथे हे करायचे नसते” हे त्याला ठाऊक झालेले असते. हे ठाऊक करून देणे हे शाळेचेच काम आहे. साठ वर्षे या शाळेने मुलांना अक्षरे शिकवली. येत्या वर्षांत तिच्या फाटकापाशी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला, फलक वाचण्याआधीच, हातातील सिगारेट विझवावीशी वाटावी, आणि त्या फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा श्वास निर्मळ राहावा.